रुखवत विकत आणायची गरज आहे का? साडेचारशे रुपयांच्या सामानात घरीच मांडा

लग्नसराई सुरू झाली की लातूरची गंजगोलाई आणि नांदेडचं वजिराबाद गजबजून जातं. बस्ता, भांडी, दागिने झाले की यादीत शेवटचं एक काम उरतं, ते म्हणजे रुखवत. आजकाल त्यासाठी कुणी घरी बसत नाही. रेडिमेड सेट मिळतो, काही ठिकाणी तर एका दिवसापुरता भाड्यानेही मिळतो. मांडवाच्या कोपऱ्यात टेबलावर मांडायचा, पाव्हण्यांनी फोटो काढायचे आणि संध्याकाळी खोक्यात भरून परत द्यायचा.

ज्यांच्या खिशाला हे झेपतं त्यांचा प्रश्न नाही. पण ज्या घरी सोयाबीनच्या पैशावर लग्न उभं राहतं, तिथे प्रत्येक हजार रुपये मोजावे लागतात. आणि खरं सांगायचं तर रुखवत ही मुळात विकत आणायची वस्तूच नव्हती. मग ती काय होती? आणि आज कमी पैशांत, साध्या सामानात ती पुन्हा घरी कशी करता येईल? चला, समजून घेऊया.

रुखवत म्हणजे नेमकं काय?

मूळ अर्थाने रुखवत म्हणजे मुलीकडून नवरदेवाला पाठवायचा फराळ. वऱ्हाड गावात आलं की जानोशाच्या घरी उतरायचं. लग्न लागायला वेळ असायचा. तोवर पाव्हण्यांच्या पोटाला आधार म्हणून मुलीकडच्या बायका वाजतगाजत खायच्या वस्तू घेऊन जात. सोबत चेष्टामस्करीची गाणी आणि उखाणे असत. एकमेकांची फिरकी घेण्याचा तो हक्काचा वेळ होता.

त्या ताटांत लाडू, करंज्या, पापड, कुरडया, शेवया आणि वळवट असायचं. वळवट म्हणजे कणकेच्या किंवा रव्याच्या पिठापासून बोटांनी वळलेले गव्हले, बोटवे, मालत्या, नखुल्या. एकसारखे आणि बारीक वळवट करायला हात फार तयार लागतो. म्हणून ते पाहून पाव्हण्या मुलीच्या आणि तिच्या आईच्या हाताची पारख करत.

पुढे फराळासोबत हस्तकला आली. खोबऱ्याच्या वाटीवरची नक्षी, सुपारीचे नवरा-नवरी, मण्यांची तोरणं, विणलेले रुमाल, लोकरीचे पंखे, काडेपेटीच्या काड्यांचं घर. यातली बहुतेक वस्तू घरात पडून असलेल्या सामानातूनच होत असे. मुलगी, तिच्या बहिणी, मैत्रिणी, शेजारच्या काकू असं सगळ्यांचं मिळून महिनाभर काम चालायचं.

मग बिघडलं कुठे?

दोन गोष्टी झाल्या.

पहिली, रुखवताच्या टेबलावर हस्तकलेच्या शेजारी हळूहळू भांडी आली, मग मिक्सर, कपाट आणि फ्रिज आले. मुलीच्या हातचं दाखवायची जागा बापाची ऐपत दाखवायची जागा बनली. "त्यांच्याकडे एवढं होतं, आपल्याकडे एवढं तरी पाहिजे" ही तुलना सुरू झाली आणि कर्ज वाढलं.

इथे कायदा माहीत असलेला बरा. हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ नुसार लग्नात कुणी न मागता, आपणहून भेटवस्तू दिली तर तो हुंडा ठरत नाही. पण मुलीकडून दिलेली भेट रूढीला धरून असावी आणि तिची किंमत देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसावी, अशी अट आहे. शिवाय १९८५ च्या नियमांप्रमाणे अशा भेटींची लेखी यादी ठेवायची असते. "रुखवतात फ्रिज ठेवा बरं का" अशी मागणी आली, तर त्या वस्तूला रुखवत म्हटल्याने ती भेट होत नाही. ती हुंड्याची मागणीच असते आणि नुसती मागणी करणं हासुद्धा गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट थर्माकोलची. मधल्या काळात रुखवताचे देखावे, मखर, नावांची अक्षरं असं सगळंच थर्माकोलचं होऊ लागलं. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात सजावटीसाठी थर्माकोल वापरायला बंदी आली. त्या अधिसूचनेप्रमाणे पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार आणि तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून थर्माकोलचा मंडप करायला घेऊ नका. त्याला एक फुकटचा पर्याय आहे, तो पुढे सांगतो.

सामान किती आणि खर्च किती?

खालच्या पाचही वस्तूंना मिळून साधारण एवढं सामान लागतं. भाव दुकानागणिक थोडे कमी-जास्त होतील.

- लोकर, दोन-तीन रंगांत मिळून ६० ग्रॅम : ८० रुपये
- जाड कार्डशीट, ४ : ६० रुपये
- पांढरा फेविकॉल, मध्यम डबी : ५० रुपये
- सुया आणि जाड सुती दोरा : ३० रुपये
- मणी, टिकल्या, लेस : १२० रुपये
- पतंगी कागद, १० ताव : ५० रुपये
- पोस्टर कलर आणि ब्रश : ६० रुपये

बेरीज होते ४५० रुपये. बाकी सगळं, म्हणजे जुनी सुती साडी, जुन्या लग्नपत्रिका, डाळी आणि ज्वारीची धाटं घरात किंवा शेतात असतंच.

१. लोकरीच्या गोंड्यांचं तोरण

पोळ्याला बैलाच्या शिंगांना गोंडे बांधतात ना, तोच हा गोंडा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी तो कसा बांधायचा हे कुणाला ना कुणाला येतंच.

पुठ्ठ्याची ५ सेंटीमीटर रुंद पट्टी घ्या. तिच्यावर लोकरीचे ८० वेढे द्या. पट्टी अलगद काढून घ्या आणि वेढ्यांच्या मधोमध दोऱ्याने करकचून गाठ मारा. ही गाठ सैल राहिली तर गोंडा पुढे गळत राहतो, म्हणून दोरा दोनदा फिरवून मारा. आता दोन्ही बाजूंचे फासे कात्रीने कापा, गोंडा हातावर फिरवत गोल आकारात छाटा.

तीन फुटी दारासाठी म्हणजे सुमारे ९० सेंटीमीटरला १३ गोंडे पुरतात. प्रत्येक दोन गोंड्यांत साडेसात सेंटीमीटर अंतर ठेवून मधे मणी ओवा. एका गोंड्याला साधारण ८ मीटर लोकर लागते, म्हणजे १३ गोंड्यांना १०४ मीटर. मध्यम जाडीची ५० ते ६० ग्रॅम लोकर त्याला बास होते. सलग लोकर घ्यायलाच हवी असं नाही. स्वेटर विणून उरलेले तुकडे असतील तर रंगीबेरंगी गोंडे आणखी छान दिसतात.

२. जुन्या साडीची गोधडी-आसनं

पाटावर घालायला दोन आसनं ही रुखवतातली जुनी, मानाची वस्तू. त्याला वाकळ शिवायचीच पद्धत वापरायची.

सुती साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंटीमीटर रुंद असते. त्यातून ४५ सेंटीमीटरचे चौकोन कापले तर रुंदीत २ आणि लांबीत १२, असे २४ तुकडे निघतात. एका आसनाला चार थर धरले तर एका साडीत ६ आसनं. विरलेला, फाटका भाग आतल्या थरात टाका. वरच्या थराला काठ किंवा ठसठशीत नक्षी घ्या.

चारही थर एकावर एक सपाट पसरा. आधी मधोमध उभा-आडवा कच्चा धागा घाला, म्हणजे थर सरकणार नाहीत. मग कडा आत दुमडून कडेपासून धावदोरा घाला. चौकोनात चौकोन असे दोन-दोन सेंटीमीटर अंतराने आत या. अकरा चौकोनांत मध्य गाठला जातो. एका आसनाला १२ मीटरच्या आसपास दोरा लागतो. दोरा ओढून घट्ट केला तर कापड गोळा होतं, म्हणून चार-पाच टाक्यांनंतर तळहाताने कापड सपाट करत जा.

घरात आजी असेल तर हे काम तिच्याकडून शिका. शिवणकामाचं मशीन नको, क्लास नको. मुलीच्या आजीने नेसलेल्या साडीचं आसन तिच्या सासरी गेलं, तर त्याची किंमत कुठल्या रेडिमेड सेटला येणार?

३. सप्तपदीची सात पावलं

हा रुखवतातला हमखास फोटो निघणारा भाग. लातूर हे डाळमिलचं शहर, तेव्हा डाळींनी सजवलेली पावलं इथे शोभतातही.

कार्डशीटवर २० सेंटीमीटर लांबीची सात पावलं काढून कापा. प्रत्येकावर वेगळं धान्य चिकटवा: पिवळी तूरडाळ, केशरी मसूरडाळ, हिरवे मूग, काळे उडीद, तपकिरी हरभरे, चकचकीत जवस आणि पांढरी ज्वारी. एका पावलाला जेमतेम मूठभर धान्य लागतं.

इथे तीन गोष्टी सांभाळा. एक, धान्य दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर मांडायच्या आधीच किडे दिसतील. दोन, संपूर्ण पावलाला एकदम फेविकॉल लावू नका. तो सुकायला लागतो. चार बोटं जागेवर लावा, धान्य पसरा, हलकेच दाबा, मग पुढे सरका. तीन, रात्रभर सपाट जागेवर सुकू द्या आणि वर हलकं वजन ठेवा, नाहीतर कार्डशीट वाकते.

ही वस्तू वर्षभर टिकवायचा हट्ट धरू नका. उंदीर आणि मुंग्या येतात. लग्नानंतर फोटो ठेवा, पावलांना रजा द्या.

४. जुन्या लग्नपत्रिकांची आहेर पाकिटं

दरवर्षी घरात पत्रिकांचा गठ्ठा जमतो. कागद जाड, सोनेरी, नक्षीदार. त्याची पाकिटं केली तर आहेरालाही होतात आणि हळदी-कुंकवाला द्यायलाही.

माप सोपं आहे. पाचशेची नोट १५ सेंटीमीटर लांब आणि ६.६ सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे १७ बाय ८ सेंटीमीटरचं पाकीट तिला ऐसपैस होतं. त्यासाठी २० बाय २० चा चौकोनी कागद घ्या. खालून वर ८, ८ आणि ४ सेंटीमीटरवर आडव्या रेषा आखा. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटीमीटरवर उभ्या रेषा आखा. मधल्या ८ सेंटीमीटरच्या भागाच्या बाजूच्या पट्ट्या तेवढ्या ठेवा, वरच्या आणि खालच्या भागाच्या पट्ट्या कापून टाका. राहिलेल्या पट्ट्या आत दुमडा, त्यांवर फेविकॉल लावा आणि खालचा भाग वर दुमडून चिकटवा. वरची ४ सेंटीमीटरची पट्टी म्हणजे पाकिटाचं झाकण.

पत्रिका लहान असेल तर कार्डशीट वापरा. ५६ बाय ७१ सेंटीमीटरच्या एका शीटमधून ६ पाकिटं निघतात. मग पत्रिकेतला गणपती किंवा नक्षी कापून वर चिकटवा. फक्त एक करा, पत्रिकेवरची नावं आणि फोन नंबर आतल्या बाजूला जाऊ द्या किंवा कापून टाका. कुणाची तरी खासगी माहिती गावभर फिरायला नको.

५. ज्वारीच्या धाटाची बैलगाडी

हाच तो थर्माकोलचा फुकट पर्याय. ज्वारीचं वाळलेलं धाट सोललं की आत पांढराशुभ्र, हलका, स्पंजसारखा गाभा निघतो. मराठवाड्यातल्या किती पिढ्यांनी त्याच्या गाड्या, चष्मे, बैलं बनवून खेळले असतील त्याला गणती नाही. रब्बीची ज्वारी काढली की कडबा तयार असतो आणि उन्हाळी लग्नं लगेच त्यानंतर येतात. वेळही बरोबर जुळते.

सरळ, जाड, बिनभोकाचं धाट निवडा. भोक दिसलं तर खोडकिडा आत फिरून गेलेला असतो, तिथे गाभा लालसर आणि पोकळ निघतो. साल लांब पट्ट्यांत सोलून बाजूला ठेवा. गाभ्याचे हवे तसे तुकडे करा. सालीच्या पट्टीचं टोक तिरपं कापलं की ती टाचणीसारखी गाभ्यात घुसते. त्यामुळे जोडायला गोंद लागतच नाही. चाकांसाठी कार्डशीटच्या गोल चकत्या, आसासाठी सालीची जाड काडी, वर पतंगी कागदाची झूल. उरलेल्या पतंगी कागदाच्या पताका करून टेबलाच्या कडेला लावा.

सावध राहायची जागा एकच. धाटाची साल ब्लेडसारखी धारदार असते. सोलायचं काम मोठ्यांनी करावं, लहान मुलांना जोडायला बसवावं.

कशाला कोणता गोंद?

बऱ्याच वस्तू चुकीच्या गोंदामुळे फसतात. कागद, कापड आणि धान्याला पांढरा फेविकॉल चांगला, पण तो पूर्ण पकडायला रात्र लागते. लाकूड, मणी, लेस घाईत लावायची असेल तर ग्लू गन चालते, मात्र तिचं टोक आणि वितळलेला गोंद दोन्ही भाजतात. पताका आणि कागदी फुलं यांना तर घरची खळ पुरते: दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा, मंद आचेवर ढवळत घट्ट करा. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी मोरचूद घालत. ते विषारी असतं, घरात मुलं असताना त्याच्या वाटेला जाऊ नका. खळ लागेल तेवढीच ताजी करा.

दिव्यांची सजावट करणार असाल तर कागद, लोकर आणि कडबा ही तिन्ही चटकन पेटणारी सामग्री आहे हे ध्यानात ठेवा. या टेबलावर पणती किंवा मेणबत्ती नको, एलईडी माळच लावा.

वेळ कसा जमवायचा?

सगळं शेवटच्या आठवड्यात घेतलं तर चिडचिड ठरलेली. आसनं तीन आठवडे आधी सुरू करा, कारण शिवणाला वेळ लागतो. तोरण आणि पाकिटं दोन आठवडे आधी. पावलं आणि बैलगाडी शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ती ताजी राहतात. आणि हे सगळं एकट्या नवरीवर टाकू नका. भाऊ, चुलतभाऊ, मामेबहिणी सगळ्यांना बसवा. रुखवत पूर्वी मुलीची परीक्षा होती. आता ते सगळ्या घराचं काम व्हायला काय हरकत आहे? गोंडा बांधायला बैल सजवणाऱ्या काकांइतका चांगला मास्तर कोण!

स्वतः जमत नसेल तर?

नोकरी, शिक्षण, परगावी राहणं यामुळे प्रत्येकाला वेळ मिळेलच असं नाही. मग गावातल्या बाईकडून, बचत गटाकडून करून घ्या. पण भाव करताना थोडा हिशेब करा.

वरचंच तोरण घ्या. लोकर, मणी, दोरा मिळून सामान १०० रुपयांचं. काम चार तासांचं. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली आहे, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने तासाला ३९ रुपये. चार तासांचे १५६. सामान धरून त्या तोरणाची किमान किंमत झाली २५६ रुपये, त्यात नफा अजून धरलेलाच नाही. आणि आपण म्हणतो, "ताई, शंभरला द्या ना." म्हणजे आपण तिला सामानाचे पैसे देतो आणि चार तास फुकट घेतो. बाजारातलं मशीनचं तोरण स्वस्त पडतं ते याच कारणाने. त्याची तुलना हातच्या कामाशी करून उपयोग नाही.

हीच गोष्ट बंजारा भरतकामाची. किनवट, माहूर, मुखेड भागातल्या आणि लातूर जिल्ह्यातल्या तांड्यांवर आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचं भरतकाम करणाऱ्या बायका आजही आहेत. शेजारच्या कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. २०२३ मध्ये हंपीच्या जी-२० बैठकीच्या वेळी साडेचारशेहून जास्त लंबाणी महिलांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून गिनीज विक्रमही झाला. काम तेच, बायकाही त्याच समाजाच्या. आपल्याकडच्या तांड्यावरून एक बटवा योग्य दाम देऊन घेतला, तर रुखवत सजेल आणि पैसाही जिल्ह्यातच राहील. उमेद अभियानातल्या बचत गटांचं सामान जिल्ह्याच्या प्रदर्शनांत आणि राज्यस्तरावर महालक्ष्मी सरसमध्ये विकायला येतं, तिथेही अशा वस्तू मिळतात.

लग्नानंतर काय?

हा हिशेब कुणी मांडत नाही. भाड्याचं रुखवत संध्याकाळी परत जातं. घरी केलेलं तोरण नव्या घराच्या दाराला लागतं. आसनं भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या पुढे पाटावर येतात. पाकिटं पुढच्या आहेरांना होतात. बैलगाडी घरातल्या एखाद्या पोराच्या हाती जाते आणि दोन दिवसांत मोडते. तीसुद्धा वाया गेली असं कोण म्हणेल?

साडेचारशे रुपयांत फ्रिजएवढा थाट होत नाही हे खरं. पण फ्रिज कुणाच्या कर्जातून आला हे पाव्हणे विचारत नाहीत. आसन कुणी शिवलं हे मात्र नक्की विचारतात.

तुमच्या गावाकडे रुखवतात कोणती वस्तू हमखास असते? वळवटाला तुमच्याकडे काय म्हणतात? आम्हाला नक्की कळवा. आणि घरात लग्न असलेल्या मैत्रिणीला हा लेख आजच पाठवा, म्हणजे तिच्या हाताशी तीन आठवडे उरतील.